चिप बसवल्यानंतर ट्रकचे आयडलिंग बिघडले तर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या हंगामात गाड्यांची रांग लागते, तेव्हा जागेवर उभ्या असलेल्या ट्रकांचा आवाज थोडा वेळ लक्ष देऊन ऐकावा. निरोगी इंजिन एका लयीत चालत असते. एखाद्या गाडीची रेस मात्र ॲक्सिलरेटरला पाय न लावताच वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, केबिन थरथरू लागते आणि पुढे सरकण्यासाठी क्लच सोडताच गाडी बंद पडते. अशा चालकाला विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : महिन्याभरापूर्वी चिप बसवली, चढावर ओढ वाढली, पण तेव्हापासून ‘स्लो’, म्हणजे आयडलिंग, गाडी उभी असताना इंजिनाचे संथ चालणे, बिघडला. हा लेख अशा गाडीच्या मालकांसाठी, चालकांसाठी आणि गॅरेजमध्ये नुकतेच काम शिकू लागलेल्या मुलांसाठी लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी, कारण पुढची सर्व तपासणी तिच्यावरच उभी आहे. चांगल्या चिपने आयडलिंगला काहीही करायचे नसते. तिचे काम भार असताना सुरू होते. गाडी जागेवर उभी असताना तिने सेन्सरचा संदेश जसाच्या तसा पुढे जाऊ द्यायला हवा. म्हणून चिप बसवल्यावर आयडलिंग बिघडले, तर ‘चिपची ताकद जास्त झाली’ हा पहिला अंदाज सहसा चुकतो. आधी जोडणी पाहावी, मग चिपची जात पाहावी आणि शेवटी इंजिनात आधीपासून दडलेला आजार शोधावा. हा क्रम उलटा केला, की चांगले इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) विनाकारण खोलले जातात आणि मालकाचा खर्च वाढतो.

चिप नेमके काय करते

आपण येथे कॉमन रेल डिझेल इंजिनांविषयी बोलत आहोत. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत इंजेक्शनवर संगणकाचे नियंत्रणच नसल्याने त्यांना अशी चिप लागू पडत नाही. कॉमन रेलमध्ये उच्च दाबाचा पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल साठवतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, प्रत्येक इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. आयडलिंगला रेलमधील दाब साधारण २५० ते ४०० बार असतो; पूर्ण भाराला तो १६०० बार किंवा त्याहूनही वर जातो.

बाजारात ‘चिप’ या एकाच नावाने तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे माहीत नसताना तपासणी सुरू करू नये. पहिली म्हणजे रेलच्या दाबाचा सेन्सर आणि मूळ वायरिंग यांच्या मध्ये बसणारी डबी. ती सेन्सरचा संदेश थोडा कमी करून ईसीएमला दाखवते. दाब कमी आहे असे समजून ईसीएम तो वाढवतो आणि तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जाते. दुसरी ॲक्सिलरेटर पेडलच्या वायरिंगमध्ये बसते. ती ताकद वाढवत नाही, फक्त थोड्याशा दाबाला जास्त रेस मिळवून देते. तिसरा प्रकार रिमॅपचा : यात वेगळी वस्तू बसत नाही, ईसीएममधील मूळ आज्ञावलीच बदलली जाते.

पहिल्या प्रकाराचा आयडलिंगशी संबंध नाजूक असतो. आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरला मिळणारे डिझेल काही घनमिलिमीटरच असते. इतक्या लहान मात्रेत दाबाचा किरकोळ फरकही लगेच जाणवतो. त्यातच ईसीएम एका हाताने रेलचा दाब सांभाळत असतो आणि दुसऱ्या हाताने इंजिनाचे फेरे. डबी हलक्या प्रतीची असेल आणि तिच्यातून संदेश क्षणभर उशिराने पुढे जात असेल, तर ईसीएम जुन्या माहितीवर दुरुस्ती करत राहतो : दाब वाढवायचा तेव्हा तो आधीच वाढलेला असतो, कमी करायचा तेव्हा आधीच उतरलेला असतो. रेसच्या वर-खाली होण्यामागे, ज्याला मेकॅनिक ‘हंटिंग’ म्हणतात, बऱ्याचदा हेच कारण असते.

बिघाड नसलेल्या गोष्टी आधी वगळा

थंड इंजिन चालू केल्यावर रेस थोडी चढी असणे, एसी चालू करताच क्षणभर फेरे हलणे, हवेच्या टाक्या भरत असताना कॉम्प्रेसरच्या भाराने आवाज बदलणे, हे सर्व स्वाभाविक आहे. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करत असताना ईसीएम मुद्दाम रेस वाढवतो. त्यालाही बिघाड समजू नये. बहुतेक मोठ्या ट्रकांचे गरम इंजिनाचे आयडलिंग मिनिटाला ५५० ते ७०० फेरे आणि लहान पिकअपचे ७५० ते ८५० फेरे असते. तरी आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. ज्यांनी अजून चिप बसवलेली नाही त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की बसवण्याच्या आदल्या दिवशी गरम इंजिनाचे फेरे, स्कॅनरवरील (ईसीएममधील माहिती वाचणाऱ्या यंत्रावरील) रेलचा दाब आणि बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहून ठेवावा. ही तीन ओळींची नोंद नसल्यामुळे पुढे ‘आधी कसे होते’ यावर मालक आणि मेकॅनिक यांच्यात वाद होत राहतो आणि तो कधी मिटत नाही.

हात लावण्यापूर्वी

गाडी सपाट जागेवर उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक लावावा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. केबिन उचलली असेल तर तिचा कुलपी दांडा बसल्याची हाताने खात्री करावी. चालू इंजिनाची उच्च दाबाची नळी कधीही सैल करू नये. जुन्या पंपाच्या गाड्यांत एकेक नळी सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग मारतो, म्हणजे नीट पेटत नाही, ते शोधत असत. ती सवय कॉमन रेलवर जिवावर बेतू शकते. आयडलिंगच्या दाबालाही डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतील मांस सडू लागते. असे झाल्यास दुखत नसले तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. इंजिन बंद केल्यावर दाब उतरण्यासाठी निदान दहा मिनिटे थांबावे. इंजेक्टरच्या वायरींनाही चालू इंजिनावर हात लावू नये, कारण त्यांत बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येतो. बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी सोडू नये. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची लाइन रिकामी करण्याचे काम तेव्हा चालू असते.

पहिली पायरी : लक्षण नीट लिहा

‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढ्यावर तपासणी होत नाही. रेस एका ठरावीक तालात वर-खाली होते का, की मधूनच एखादा ठोका चुकतो? रेस सतत चढीच राहते का, की उतरून इंजिन बंद पडते? इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा कडक, खडखडीत झाला आहे का? धूर काळा आहे की पांढरा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे केव्हा होते?

या शेवटच्या प्रश्नाला सोलापुरात विशेष अर्थ आहे. एप्रिल-मेमध्ये येथील पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावरून आलेल्या गाडीचे डिझेल टाकीतच तापलेले असते. टाकी अर्धी रिकामी असेल तर ते आणखी लवकर तापते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून जास्त प्रमाणात आतल्या आत गळते. म्हणून सकाळी ठीक चालणारी आणि दुपारीच अडखळणारी गाडी असेल, तर झिजेचा संशय बळावतो. उलट, रात्रभर उभी राहिल्यावर पहाटेच अडखळणारी आणि पाच मिनिटांनी सुधारणारी गाडी बहुतेक वेळा डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरत असते. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच बिघडणारी गाडी सरळ कपलरकडे, म्हणजे वायरींच्या जोडाकडे, बोट दाखवते.

दुसरी पायरी : बायपास करून पाहा

ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि ती गाळून पुढे गेलेल्यांचे अख्खे दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. चावी बंद करावी, ईसीएम शांत होण्यासाठी काही मिनिटे थांबावे आणि चिपचे दोन्ही कपलर काढावेत. मग सेन्सरचा मूळ कपलर थेट सेन्सरवर बसवावा. अनेक डब्यांबरोबर यासाठी एक छोटा बायपास कपलर मिळतो. तो गाडीतच ठेवलेला असावा. डबी काढून कपलर मोकळाच सोडला, तर ईसीएमला सेन्सर तुटल्यासारखे वाटते आणि तो गाडीची ताकद उतरवून ठेवतो. अशा स्थितीत केलेल्या तपासणीला काहीच अर्थ नाही.

डबी काढण्यापूर्वी स्कॅनर लावून साठलेले फॉल्ट कोड लिहून घ्यावेत आणि मगच पुसावेत. बरेच जण आधी कोड पुसतात आणि हातातला सर्वांत चांगला पुरावा घालवून बसतात.

आता इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे आणि दहा मिनिटे आयडलिंग पाहावे. मग चिप पुन्हा लावून पाहावे आणि पुन्हा काढून पाहावे. एकदा काढून सुधारले एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. कपलर काढण्या-घालण्यातच गंजलेली पिन घासून स्वच्छ होते आणि चिपवर नाहक आळ येतो. काढल्यावर प्रत्येक वेळी बरे आणि लावल्यावर प्रत्येक वेळी वाईट असेल, तर दोष डबीत किंवा तिच्या वायरिंगमध्ये आहे. काढूनही तसेच वाईट राहिले, तर दोन शक्यता उरतात : बसवताना मूळ कपलर दुखावला गेला, किंवा इंजिनाचा स्वतःचा आजार योगायोगाने त्याच सुमारास पुढे आला.

तिसरी पायरी : कपलर, पिना आणि अर्थिंग

माझ्या अनुभवात चिपनंतरच्या आयडलिंगच्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त तक्रारी येथेच सुटतात, म्हणून या पायरीला घाई करू नये. कपलर हातात घेऊन उजेडात पाहावा. प्रत्येक पिन सारख्याच उंचीवर आहे का? एखादी पिन मागे सरकलेली असली तरी कपलर बसवताना ‘टक’ असा आवाज येतो, बाहेरून सर्व ठीक दिसते आणि आत मात्र ती जेमतेम टेकलेली असते. इंजिन जागेवर उभे असताना त्याची थरथर सर्वाधिक जाणवते, त्यामुळे असा सैल जोड नेमका आयडलिंगलाच तुटतो-जुळतो आणि रस्त्यावर गाडी ठीक वाटते. कपलरमधील रबरी सील जागेवर आहे का, हेही पाहावे. होटगी रोडवरची धूळ असो की वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा, सील नसलेल्या कपलरमध्ये दोन्ही शिरतात आणि हिरवट गंज धरतो.

येथे एका चुकीबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. मल्टिमीटरची जाड सुई कपलरच्या मादी पिनेत खुपसू नये. तिचा जबडा पसरतो आणि मग ती पिन पुन्हा कधी घट्ट पकडत नाही. आम्ही एका गाडीचा दोन दिवस शोध घेत होतो. शेवटी लक्षात आले, की पहिल्याच दिवशी आमच्याच गॅरेजमधील मुलाने मोजमाप घेताना पिन पसरवली होती. मोजायचे असेल तर कपलरच्या मागील बाजूने बारीक पिन घालून मोजावे.

वायर सोलून पीळ मारून वर टेप गुंडाळलेली असेल, तर ती जोडणी कापून टाकावी आणि नीट क्रिम्प करून (धातूच्या टोपीत दाबून) उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नव्या वायरी टर्बो किंवा एक्झॉस्टजवळून गेलेल्या नाहीत, केबिन उचलताना ताणल्या जात नाहीत आणि कोणत्या कडेवर घासत नाहीत, हे हात फिरवून पाहावे. इंजिन चालू ठेवून वायरचा एकेक भाग हलक्या हाताने हलवावा आणि आवाजाकडे कान ठेवावा. जेथे हलवल्यावर रेस बदलते तेथेच दोष आहे. हे करताना बाही आणि उपरणे फॅन-बेल्टपासून दूर असावे.

काही डब्यांना वेगळी वीज लागते. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि १२ व्होल्टची वस्तू चालवण्यासाठी वायरमन दोन्हींच्या मधल्या जोडातून तार काढतात. गाण्यांच्या टेपसाठी काढलेल्या अशा तारेवरच चिपही जोडलेली मी पाहिली आहे. त्यामुळे एक बॅटरी उतरते, दुसरी जास्त भरते आणि डबीला कधी पुरेशी, कधी अपुरी वीज मिळते. अशा ठिकाणी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर आणि स्वतंत्र फ्यूज वापरावा. अर्थिंग चॅसिसच्या रंगावर नव्हे, तर खरवडलेल्या स्वच्छ धातूवर घ्यावे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून, इंजिन चालू ठेवून मोजावे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थच्या पट्ट्या काढून घासाव्यात. चालू इंजिनावर २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.५ ते २८.५ आणि १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत.

चौथी पायरी : सेन्सरचे व्होल्ट

रेलच्या दाबाच्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि संदेश. चावी चालू पण इंजिन बंद आणि रेलचा दाब उतरलेला असताना संदेशाच्या वायरीवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. आयडलिंगला तो साधारण एक ते दीड व्होल्टच्या दरम्यान असतो आणि दाबाबरोबर वाढत जातो. नेमका आकडा सेन्सरप्रमाणे बदलतो. आपल्याला पाहायचे ते हे : चिपच्या सेन्सरकडील बाजूला आणि ईसीएमकडील बाजूला आयडलिंगला जवळजवळ सारखाच व्होल्टेज आहे का? तेथे स्पष्ट फरक दिसला, तर ती डबी आयडलिंगलाही दाब वाढवते आहे. इंजिनाचा आवाज खडखडीत होण्याचे कारण तेथेच सापडले. पुरवठा ५ व्होल्टपेक्षा कमी मिळत असेल, तर डबी आतून शॉर्ट आहे किंवा जास्त वीज ओढते आहे. हा पुरवठा काही गाड्यांत इतर सेन्सरांनाही सामाईक असतो, म्हणून अशा वेळी ॲक्सिलरेटरचा किंवा बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेचा) भलताच कोड उमटू शकतो आणि नवखा माणूस ते भाग बदलत सुटतो.

पाचवी पायरी : स्कॅनर वाचताना सावध राहा

ट्रकांच्या स्कॅनरवर कोड एसपीएन आणि एफएमआय या जोडीने येतात. एसपीएन कोणता भाग ते सांगतो, एफएमआय कोणता दोष ते सांगतो. एसपीएन १५७ म्हणजे रेलचा दाब, ९१ म्हणजे ॲक्सिलरेटर पेडल, १०२ म्हणजे बूस्ट, १९० म्हणजे इंजिनाचे फेरे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे माहिती अस्थिर. १५७ बरोबर ३ किंवा ४ आले तर वायरिंगकडे वळावे. ० किंवा १ आले तर दाब खरोखर मर्यादेच्या वर किंवा खाली गेल्याचे ईसीएम सांगत आहे. पिकअपसारख्या लहान गाड्यांत हीच माहिती पी ०१९० ते पी ०१९३ (सेन्सरचे सर्किट), पी ००८७ (दाब कमी) आणि पी ००८८ (दाब जास्त) अशी येते.

आता नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट. डबी लावलेली असताना स्कॅनर रेलचा खरा दाब दाखवत नाही. स्कॅनर ईसीएमला विचारतो आणि ईसीएमला डबीने जे सांगितले तेच त्याला माहीत असते. समजा, रेलमध्ये प्रत्यक्ष ३३० बार दाब आहे आणि डबी ३०० दाखवते आहे. ईसीएमला ३०० च हवे असतील, तर पडद्यावर ‘हवा तो दाब ३००, असलेला दाब ३००’ असे निर्दोष चित्र दिसेल आणि इंजिन मात्र खडखडत राहील. म्हणून दाबाचे आकडे पाहायचे असतील तर डबी काढूनच पाहावेत. डबी असताना फक्त आकड्याची स्थिरता पाहावी : तो सेकंदा-सेकंदाला उड्या मारत असेल आणि डबी काढताच शांत होत असेल, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

त्याच वेळी आणखी काही आकडे पाहून घ्यावेत. पाय काढलेला असताना पेडल ० टक्के दाखवते का? पाण्याचे तापमान प्रत्यक्षाशी जुळते का? सेन्सर इंजिन थंड असल्याचे खोटे सांगत असेल, तर ईसीएम रेस चढीच ठेवील आणि आपण चिपला दोष देत राहू.

पेडलची डबी आणि रिमॅप

पेडलच्या डबीचा प्रश्न सोपा आहे. पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि ईसीएम त्यांची एकमेकांशी सतत तुलना करतो. डबीमुळे हे प्रमाण बिघडले, की ईसीएम पेडलवर विश्वास ठेवणे सोडतो आणि अनेक गाड्यांत रेस एका ठरावीक चढ्या आकड्यावर धरून ठेवतो. डबी बसवताना पेडल शिकवण्याची कृती तिच्या पत्रकात दिलेली असते. ती पुन्हा करावी. तरीही रेस चढी राहिली तर डबी परत करावी, तिच्यावर जास्त वेळ घालवू नये.

रिमॅपमध्ये काढून पाहण्यासारखे काहीच नसते, म्हणून बायपासच्या जागी मूळ फाइल परत भरावी लागते. ज्याने रिमॅप केले त्याने मूळ फाइल जपून ठेवली आहे का आणि ती तुम्हाला देणार आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. न देणाऱ्याकडे गाडी सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच गाडीची फाइल भरणे किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळणे या आयडलिंग बिघडण्याच्या नेहमीच्या वाटा आहेत. फाइल भरताना बॅटरीला स्थिर चार्जर जोडलेला असावा. मध्येच वीजपुरवठा तुटला तर ईसीएम कायमचा निकामी होऊ शकतो.

सहावी पायरी : डबीचे सेटिंग

वायरिंग निर्दोष ठरल्यानंतरच सेटिंगला हात लावावा. सर्वांत खालच्या टप्प्यावर आणून गाडी दोन-तीन दिवस चालवावी. आयडलिंग सुधारले तर एकेक टप्पा वाढवत जावे आणि एका वेळी एकच बदल करावा. सर्वांत खालच्या टप्प्यावरही आयडलिंग डगमगत असेल, तर ती डबी त्या इंजिनासाठी बनलेलीच नाही किंवा आयडलिंगला बाजूला होण्याची सोय तिच्यात नाही, असे समजून ती परत करावी.

एक पळवाट मात्र कटाक्षाने टाळावी. स्कॅनरने आयडलिंगचे फेरे शंभरएक वाढवून दिले, की थरथर कमी होते आणि मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो. दोष तसाच राहतो, डिझेल जास्त जळते आणि इंजेक्टर खराब असेल तर पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचते.

सातवी पायरी : डबी काढूनही बिघाड राहिला तर

मग इंजिनाकडे वळावे. चिपने वाढवलेल्या दाबाने पूर्वीपासून झिजत आलेले भाग उघडे पडतात. ही तपासणी म्हणूनच चिप काढून ठेवून करायची.

सुरुवात स्वस्त गोष्टीपासून करावी. डिझेल फिल्टर बदलावा आणि वॉटर सेपरेटरमधील पाणी काढावे. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) अलीकडे तात्पुरती पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. दिसले तर टाकीपासून एकेक जोड, बॅन्जो बोल्टचे वॉशर आणि हँड प्रायमर तपासावा. त्यानंतर, ज्या इंजिनांत इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या बाहेरून मिळतात, तेथे प्रत्येक नळी सारख्या आकाराच्या बाटलीत सोडून एक-दोन मिनिटे आयडलिंग करावे. सर्व बाटल्यांत साधारण सारखी पातळी यावी. एखाद्या बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आले, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. नळ्या हेडच्या आत असतील तर स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून पाहावा : ज्याला बंद केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. स्कॅनर प्रत्येक सिलिंडरसाठी केलेली दुरुस्तीची मात्राही दाखवतो. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर लक्ष तेथे द्यावे. इंजेक्टर बदलला तर अनेक इंजिनांत त्याच्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरल्याशिवाय आयडलिंग नीट बसत नाही, आणि घाईत हेच विसरले जाते.

रेस संथपणे वर-खाली होत असेल आणि इंजेक्टर चांगले निघाले, तर पंपावरील डिझेल मोजून सोडणारा व्हॉल्व्ह अडकतो आहे का ते पाहावे. भेसळीच्या किंवा घाण डिझेलने तो चिकटतो. काळा धूर आणि मिसिंग एकत्र असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. पेट्रोल गाड्यांवर काम शिकलेले लोक आयडलिंग बिघडताच इनटेकच्या होजमधील गळती शोधू लागतात. डिझेलमध्ये त्या शोधाचा येथे फारसा उपयोग नाही, कारण आयडलिंगला बूस्ट जवळजवळ नसतोच. तशी गळती भाराखाली काळ्या धुराने कळते.

रस्त्यावरची परीक्षा

दुरुस्तीनंतर आधी रिकामी गाडी चालवावी. मग भार भरून सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर न्यावी. तो सुमारे ४५ किलोमीटरचा आहे आणि तुळजापूरजवळच्या घाटात इंजिनाला खरा भार मिळतो. घाट चढून झाल्यावर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि तापलेल्या इंजिनाचे आयडलिंग पाच मिनिटे पाहावे. टर्बोलाही थंड होण्यास त्यामुळे वेळ मिळतो. सकाळी थंड इंजिनावर आणि दुपारच्या उन्हात अशा दोन्ही वेळा परीक्षा झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मालकाला सांगू नये.

कायद्याबाबत थोडक्यात, पण गांभीर्याने सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. चिपमुळे धूर वाढला तर पीयूसी मिळणार नाही, कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. बीएस-६ गाडीला चिप लावूच नये असे मी प्रत्येकाला सांगतो. वाढीव डिझेलची काजळी डीपीएफमध्ये साठते, गाडी पुन्हापुन्हा स्वतःला साफ करू लागते आणि त्या दुरुस्तीचा खर्च चिपने मिळवून दिलेल्या फायद्याच्या कितीतरी पुढे जातो. डीपीएफ किंवा युरियाची यंत्रणा बंद करून देतो असे सांगणाऱ्याला तर गाडीजवळ फिरकू देऊ नये.

काम संपल्यावर गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत तीन गोष्टी ठेवाव्यात : बायपास कपलर, चिप कोणत्या टप्प्यावर आहे याची तारखेसह चिठ्ठी, आणि चिप असताना व नसताना घेतलेले आयडलिंगचे फेरे व व्होल्टचे आकडे. हैदराबादच्या वाटेवर उमरग्याजवळ रात्री दोन वाजता रेस वर-खाली होऊ लागली, तर चालकाने इंजिन बंद करावे, दहा मिनिटे थांबावे, बायपास कपलर लावून चिप बाजूला करावी आणि मूळ अवस्थेत गाडी पुढे न्यावी. हे काम त्याच्याकडून दिवसाउजेडी, गाडी घरी असतानाच, एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावे.